आयव्ही लीगचा ब्लेझर: तेव्हाचे कॉलेजकुमार आणि आजचं 'ओल्ड मनी'

पिंपळपान

इन्स्टावर सध्या 'ओल्ड मनी' लुकची चलती आहे. खांद्यावर टाकून बाह्यांची गाठ मारलेला क्रीम स्वेटर, आत फिका निळा शर्ट, खाकी पँट, मोज्यांशिवाय लोफर. पुण्यात भर एप्रिलमध्ये असा स्वेटर खांद्यावर वागवणाऱ्या पोरांबद्दल मला आदरच वाटतो. पण हा वेष मुळात कोणाचा, तो शिवला कोणी आणि टिकवला कोणी, हे वाचायला बसले आणि त्यातच अडकले. म्हणून धागा.

मूळ गाव अमेरिकेचा ईशान्य कोपरा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ वगैरे आठ विद्यापीठं. 'आयव्ही लीग' हे नाव त्यांना अधिकृतपणे चिकटलं १९५४ साली आणि तेही खेळाच्या सामन्यांसाठी. तिथे जाणारी बरीचशी मुलं महागड्या खाजगी 'प्रेप' शाळांमधून आलेली, त्यामुळे कपड्यांची सवय शाळेतूनच लागलेली.

शर्ट ब्रूक्स ब्रदर्सचा. हे न्यूयॉर्कचं १८१८ सालचं दुकान. घराण्यातला जॉन ब्रूक्स इंग्लंडात पोलो बघायला गेला, तिथे घोडा दौडताना कॉलर तोंडावर उडू नये म्हणून खेळाडूंनी ती अडकवून टाकलेली दिसली, आणि त्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बटण-डाऊन कॉलर आली, अशी कंपनी गोष्ट सांगते. म्हणजे आज ज्याला आपण ऑफिसचा शर्ट म्हणतो तो जन्माने मैदानावरचा. बुटांचंही तेच. मेन राज्यातल्या बास कंपनीने १९३६ मध्ये 'वीजन्स' नावाचे लोफर काढले ते नॉर्वेच्या मच्छीमारांच्या साध्या चपट्या जोड्यांवरून. टॉप-सायडर हे होडीवरचे बूट १९३५ चे, ओल्या डेकवर पाय घसरू नये म्हणून केलेले. कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या अंगावर पोलो, मासेमारी आणि शिडाची होडी एकाच वेळी, आणि तो निघालाय अर्थशास्त्राच्या तासाला!

खाकी पँट सैन्यातून आली. १९४४ च्या जी. आय. कायद्याने युद्धावरून परतलेल्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. १९४७ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉलेजांत प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे हे माजी सैनिक होते. त्यांच्याकडे लष्करी खाकी पँटी होत्याच, त्याच ते वर्गात घालून यायला लागले. श्रीमंत घरच्या मुलांनी ती उचलली. पन्नाशीच्या दशकात ब्लेझर-टायखाली खाकी ही जोडी पक्की झाली ती अशी.

आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट: यात हौस कमी, सक्ती जास्त. जेवणाच्या हॉलमध्ये कोट आणि टाय घातल्याशिवाय वाढत नसत. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बऱ्याच ठिकाणी हा नियम होता. मग मुलं काय करणार? कोट घालायचे, पण कोपराला ठिगळ लावलेला. टाय बांधायचे, पण पँट आठवडाभर न धुतलेली. मोजे घालायचेच नाहीत. नियम पाळायचा आणि त्याला वाकुल्याही दाखवायच्या, यातून तो सगळा 'सहज' दिसणारा ढंग तयार झाला. सक्ती गेली तशी ती खोडीही गेली. आज तोच पोशाख विकत मिळतो, पण आता तो कोणाच्या नाकावर टिच्चून घालायचा?

दुसरं म्हणजे, हे कपडे शिवणारे कोण? येलच्या दारात १९०२ साली दुकान थाटणारे जेकोबी प्रेस हे लॅटव्हियातून आलेले ज्यू. न्यू हेवनमध्येच १९४९ मध्ये शर्टांची कंपनी काढणारे बर्नार्ड गँट हे युक्रेनमधले ज्यू स्थलांतरित. ब्रूक्समध्ये विक्रेता म्हणून काम केलेला आणि १९६७ मध्ये टाय विकत 'पोलो' सुरू करणारा राल्फ लॉरेन हा ब्राँक्समधल्या ज्यू कुटुंबातला. आणि १९२० च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांनी प्रवेशाचे निकष बदलले ते ज्यू मुलांची संख्या आवरायला! कोट शिवायला चालतो, बाकावर शेजारी चालत नाही.

बोला आता.

---

झुळूक

वाचतेय. छान विषय. फोटो टाका की!

---

जुना वासा

लेख आवडला, पण एक सांगतो. कारण काही असो, ती मुलं नीटनेटकी दिसायची. आज अमेरिकेत कुठल्याही विद्यापीठात जा, झोपेतून उठून तसेच वर्गात आलेले. आपल्याकडेही तेच लोण आलंय. इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेला पोरगं बर्मुडा घालून येतं. सक्ती होती तेच बरं होतं.

---

तोक्योकर

जुना वासा, तुमचा हा समज साठ वर्षांपूर्वी जपान्यांचाही होता आणि त्यांची फजिती झाली. थोडं सविस्तर लिहितो, कारण या पोशाखाची अर्धी गोष्ट इकडे घडलीय.

केन्सुके इशिझू नावाच्या गृहस्थांनी 'व्हॅन जॅकेट' ही कंपनी काढली. १९५९ मध्ये ते प्रिन्स्टन बघून आले आणि जपानी तरुणांना आयव्ही पोशाख विकायला लागले. तोवर जपानी विद्यार्थी काळा, गळाबंद गणवेश घालत. फॅशन करणारा पुरुष म्हणजे वाया गेलेला, अशी समजूत होती. १९६४ च्या उन्हाळ्यात तोक्योच्या गिन्झा भागातल्या मियुकी रस्त्यावर आखूड खाकी पँटी, बटण-डाऊन शर्ट घातलेली पोरं दिवसभर नुसती उभी राहायला लागली. ऑक्टोबरात ऑलिम्पिक. जगाला ही 'टवाळ पोरं' दिसायला नकोत म्हणून सप्टेंबरात पोलिसांनी धरपकड करून रस्ता साफ केला. हार्वर्डच्या मुलाचा शर्ट घातला म्हणून पोलीस चौकी!

आता व्हॅनला सिद्ध करायचं होतं की हा सभ्य मुलांचा पोशाख आहे. म्हणून १९६५ मध्ये त्यांनी कॅमेरे घेऊन माणसं अमेरिकेला धाडली. मंडळी हार्वर्डला पोचली तर समोर कापलेल्या चड्ड्या आणि रबरी चपला घातलेली मुलं! टापटीप कोट-टायवाले शोधावे लागले. तेरुयोशी हायाशिदांनी काढलेले ते फोटो 'टेक आयव्ही' नावाने त्याच वर्षी पुस्तकरूपात आले. आज जगभर लोक त्याला आयव्ही पोशाखाची पोथी मानतात. पण नीट बघा: त्यात उघडी पोटरी, चुरगळलेली पँट, ओले केस, सायकल, होडी हेच जास्त आहे. कोटवाले आहेत, पण कमी.

गंमत म्हणजे अमेरिकनांनी या पुस्तकाकडे चार दशकं ढुंकून पाहिलं नाही. नंतर जुन्या प्रतींसाठी शेकडो डॉलर मोजायला लागले आणि २०१० मध्ये इंग्रजी आवृत्ती निघाली. स्वतःचे कपडे पुन्हा शिकायला त्यांना जपानी पुस्तक लागलं.

---

जुना वासा

तोक्योकर, माहितीबद्दल आभार. चपलांचं ठाऊक नव्हतं. तरी १९६५ म्हणजे घसरणीची सुरुवात म्हणेन मी. १९५५ चे फोटो बघा.

---

पिंपळपान

१९५५ लाही मोजे नव्हतेच हो. 🙂

तोक्योकर, व्हॅनचं पुढे काय झालं तेही लिहा ना.

---

तोक्योकर

१९७८ ला दिवाळं. पण बी पेरून गेले. युनिक्लोचे तादाशी यानाई यांच्या वडिलांचं यामागुची प्रांतात पुरुषांच्या कपड्यांचं दुकान होतं, तिथे व्हॅनचा माल असायचा. त्या दुकानाचीच पुढे युनिक्लो झाली. म्हणजे आज मुंबईच्या मॉलमध्ये जो साधा ऑक्सफर्ड कापडाचा शर्ट टांगलेला दिसतो त्याची वंशावळ प्रिन्स्टन–गिन्झा–यामागुची अशी लागते. आणि पिंपळपान यांनी ज्या जेकोबी प्रेसच्या दुकानाचा उल्लेख केला, ते जे. प्रेस १९८६ मध्ये जपानी कंपनीनेच विकत घेतलं.

---

कावळा

अमेरिकेतल्या बड्या बापांच्या पोरांनी मोजे घातले की नाही यावर मराठीत धागा. चालू द्या. आपल्याकडे विषय संपले का?

---

पिंपळपान

कावळेबुवा, तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं. येल विद्यापीठाला नाव मिळालं ते भारतातून नेलेल्या पैशावर.

एलिहू येल हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, १६८७ ते १६९२ मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर. खाजगी व्यापारात भरपूर हात मारल्याच्या आरोपांवरून पदावरून काढला गेला, पण तोवर गडगंज झाला होता. त्याच्या काळात मद्रासहून गुलामही बोटींवर चढवले गेले. १७१८ मध्ये त्याने कनेक्टिकटमधल्या एका छोट्या कॉलेजला नऊ गठ्ठे माल, ४१७ पुस्तकं आणि राजा पहिल्या जॉर्जचं एक चित्र पाठवलं. मालात कापड होतं. ते विकून ५६२ पौंड आले आणि कृतज्ञ मंडळींनी कॉलेजला त्याचं नाव दिलं.

आणि त्यानंतर सव्वादोनशे-अडीचशे वर्षांनी त्याच कॉलेजच्या मुलांचा उन्हाळ्यातला सगळ्यात लाडका कपडा कुठला? मद्रास चेक्स! हातमागाची, झाडपाल्याच्या रंगांची, मोठ्या चौकड्यांची. आपल्याकडे लुंगीला जे कापड असतं त्याच घराण्यातलं. त्याचे कोट, शर्ट, अर्ध्या चड्ड्या, ठिगळांची गोधडी करून पँटीसुद्धा.

त्या कापडाचा रंग जायचा. धुतलं की लाल पिवळ्यात, निळा पांढऱ्यात. पहिल्यांदा घेणारे संतापले. मग विक्रेत्यांनी असली शक्कल लढवली की बस: जाहिरातच केली, 'रंग जाणार याची हमी'. प्रत्येक धुण्यानंतर नवा शर्ट! साठच्या दशकात 'ब्लीडिंग मद्रास'साठी मुलं वेडी झाली. जितका विटलेला तितका भाव. आपल्या आयांनी मिठाच्या पाण्यात कपडे भिजवून जो दोष लपवला, तो तिकडे गुण म्हणून खपला. आता पक्के रंग आले, त्यामुळे आजच्या मद्रास शर्टाचा रंग जात नाही. जुने शौकीन याबद्दल हळहळतात.

झाला का विषय आपला?

---

कावळा

झाला. येलचं माहीत नव्हतं. बसतो.

---

ताम्हण

विटलेल्याचा भाव वाचून एक आठवलं. आमच्या घरी बाबांच्या शर्टाची कॉलर मानेपाशी विरली की शिंप्याकडून उलटवून आणायचे. विरलेली बाजू खाली, कोरी बाजू वर. शर्टाला आणखी दोन वर्षं आयुष्य. कॉलर विरलेली कोणाला दिसणं म्हणजे घराची अब्रू गेल्यासारखं.

आणि हे आयव्हीवाले विरलेली कॉलर मुद्दाम मिरवायचे! फाटके लोफर चिकटपट्टीने बांधून घालायचे म्हणे. मला यातलं सगळ्यात झोंबणारं हेच वाटतं. फाटकं घालूनही कोणी गरीब समजणार नाही याची खात्री असेल तरच फाटकं मिरवता येतं. नवा कोरा, कडक इस्त्रीचा शर्ट घालायची गरज ज्याला स्वतःला सिद्ध करायचंय त्याला. पहिल्या पिढीत कॉलेजला गेलेल्याला विचारा.

---

पिंपळपान

ताम्हण, +१००. नँटकेट बेटावर मरेज टॉगरी नावाचं दुकान आहे, त्यांच्या विटकरी-लाल पँटी प्रसिद्ध. त्यांची खासियत हीच की त्या विटून फिक्या गुलाबी होतात. गडद लाल पँट म्हणजे पाहुणा, फिकी गुलाबी म्हणजे पिढीजात उन्हाळे तिथे काढणारा. कपड्यावरून जातकुळी ओळखायचीच झाली ना ही?

आजचं 'ओल्ड मनी' इथेच फसतं. सगळं नवंकोरं असतं. आणि काही ब्रँड तर कॉलर आधीच घासून, विटवून विकतात. विटायला लागणारी वीस वर्षंसुद्धा विकत!

---

शिवणयंत्र

मी गारमेंट लाइनमधला, त्यामुळे लोक लुकबद्दल बोलतात तेव्हा मी शिवण बघतो. जुन्या आणि आजच्या मालातला फरक सांगतो.

कापड: ऑक्सफर्डमध्ये उभे धागे जोडीने जातात, आडवा धागा जाड. बहुतेकदा उभा रंगीत, आडवा पांढरा, म्हणून लांबून निळा आणि जवळून ठिपके-ठिपके दिसतो. जाड, मऊ आणि चुरगळणारा. आजचं 'रिंकल फ्री' कापड रसायनाने ताठ केलेलं असतं, त्याला ती पडझड येतच नाही.

कॉलर: सगळी गंमत इथे. जुन्या कॉलरच्या आत बकरम, म्हणजे ताठ अस्तर, नसायचं, किंवा असलं तर अगदी मऊ. कॉलरचं टोक लांब ठेवायचं आणि बटण जरा वर लावायचं. मग जास्तीचं कापड जाणार कुठे? ते फुगून बाहेर वळतं, पानाच्या विड्यासारखं. यालाच ते 'रोल' म्हणतात. डोळे दिपतात असली कॉलर बघून. आज कारखान्यात उष्णतेने चिकटवलेलं फ्यूजिंग घालतात. कॉलर पुठ्ठ्यासारखी सपाट बसते आणि दहा धुण्यांत वर बुडबुडे येतात. फ्यूजिंगचा दोष नाही, ते नीट केलं तर चांगलंच, पण रोल हवा असेल तर त्याचा उपयोग नाही.

कोट: त्यांचा 'सॅक' कोट पुढे डार्टशिवाय, म्हणजे कंबरेत आत घेणाऱ्या शिवणीशिवाय असायचा. डार्ट नाही म्हणजे कंबरेचा आकार नाही, कोट खांद्यावरून सरळ खाली. खांद्यात पॅड नावाला. मागे एकच कट. तीन बटणं, पण वरचं लॅपलच्या वळणात दडलेलं, लावायचं फक्त मधलं. आज या कोटाला गिऱ्हाईक म्हणेल 'ढगळ झालाय, आल्टर करा'. पण यामागे धंद्याचंही गणित होतं. कंबरेत घट्ट कोट प्रत्येकाच्या मापाने शिवावा लागतो. सरळ कोट तयार शिवून रांगेत टांगला तरी दहांपैकी आठांना बसतो. आयव्ही लुक देशभर पसरला त्यात या ढगळपणाचा मोठा वाटा.

पँटला पुढे प्लेट, म्हणजे चुण्या नाहीत, मोहरी दुमडलेली आणि घोट्याच्या वर. ही आखूड मोहरी सध्या पुन्हा आलीय, पण आजची पँट पोटरीला आवळलेली असते. तेव्हाची सरळ होती.

अवांतर: शर्टाच्या पाठीवर योकखाली, म्हणजे खांद्याच्या पट्टीखाली, जो छोटा लूप असतो तो गँट कंपनीने लोकप्रिय केला, लॉकरमध्ये शर्ट टांगायला. आज भारतात शिवलेल्या निम्म्या शर्टांवर तो असतो आणि कोणीही तिथून शर्ट टांगत नाही. आम्ही पण कधी विचारलं नाही का लावतो. ऑर्डरशीटवर असतो, लावतो.

---

झुळूक

शिवणयंत्र, लूपचं वाचून कपाटातले नवऱ्याचे शर्ट काढून बघितले. आहेत! 😀

---

दुर्वा

मुली कुठायत या धाग्यात? की पिंपळपानांनी पण नियम लावलाय?

येल आणि प्रिन्स्टनने पदवीला मुली घ्यायला सुरुवात केली १९६९ ला. डार्टमथ १९७२, कोलंबिया कॉलेज तर १९८३. तोवर मुली स्मिथ, वेलस्ली, व्हॅसर, बार्नर्ड अशा वेगळ्या कॉलेजांत. आणि खरी खोडकर फॅशन तिथे होती. भावांचे, मित्रांचे शर्ट बाहेर सोडून घालायचे, खाली दुमडलेल्या जीन्स किंवा बर्म्युडा शॉर्ट्स. चाळीसच्या दशकातच हे चालू होतं, म्हणजे आज ज्याला 'ओव्हरसाइज्ड बॉयफ्रेंड शर्ट' म्हणून हजारो रुपये घेतात ते. ब्रूक्स ब्रदर्सला शेवटी मुलींसाठी गुलाबी बटण-डाऊन काढावा लागला, १९४९ मध्ये.

१९६० मध्ये बार्नर्डच्या प्रशासनाने शॉर्ट्स आणि पँटींवर बंदी आणायचा घाट घातला. कारण काय, तर रस्त्यापलीकडच्या कोलंबियातल्या मंडळींना ते बरं दिसत नव्हतं. मुलींनी रान उठवलं. शेवटी तडजोड अशी झाली की कोलंबियाच्या आवारात जाताना वरून लांब कोट घालायचा. म्हणजे शॉर्ट्स घाला, पण दिसू देऊ नका. ओढणी नीट घ्या, याची अमेरिकन आवृत्ती.

तेव्हा जुना वासा काका, सक्ती बरी होती हे मुलींना विचारून म्हणा.

---

जुना वासा

दुर्वाताई, मुद्दा मान्य. मी मुलांबद्दल बोलत होतो. (मुलांना मोजे तरी घालू द्या.)

---

न्यूजर्सीची काकू

मी प्लेन्सबरोला राहते, प्रिन्स्टन इथून हाकेच्या अंतरावर. आजचं चित्र सांगते. एरवी कॅम्पसवर गेलात तर हुडी, लेगिंग्ज, ट्रॅक पँट, बर्कनस्टॉक आणि हातात बादलीएवढी पाण्याची बाटली. हुडीवर विद्यापीठाचं नाव. म्हणजे पूर्वी कॉलरच्या वळणावरून ओळखायचं, आता छातीवर लिहिलेलं वाचायचं. हिवाळ्यात मात्र महागड्या जॅकेटांवरचे बिल्ले बघून बापाची ऐपत कळतेच, फरक पडला असं नाही. आणि बँकांच्या मुलाखतींचा हंगाम आला की तीच मुलं एका रात्रीत सुटाबुटात. एरवी कोट कोणाला घालावा लागतो? मुलाखत देणाऱ्याला आणि वेटरला.

पण मे महिन्याच्या अखेरीस माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असतो तेव्हा एकदा बघायला या. नारिंगी-काळ्या रंगाचा महापूर. प्रत्येक बॅचचं वेगळं जॅकेट, वाघांचे पट्टे, चौकड्या, काय वाट्टेल ते. पास होऊन पंचवीस वर्षं झालेली बॅच खास शिवून घेतलेले ब्लेझर घालून मिरवणुकीच्या पुढे. पार नव्वदी ओलांडलेले आजोबा गोल्फ कार्टमधून हात हलवत जातात. याचं मूळ १९१२ सालचं: शेवटच्या वर्षाची मुलं बीअर पिताना कपडे खराब होऊ नयेत म्हणून पांढरे डगले चढवायची, त्याला 'बीअर जॅकेट' म्हणत. म्हणजे लेकरांच्या लाळेऱ्याचं मोठ्या माणसांचं रूप!

आता त्या मिरवणुकीत आपली देशी मुलं भरपूर दिसतात. मागच्या खेपेला एक जोडपं होतं, तिने नारिंगी-काळ्या काठाची साडी नेसून वर बॅचचं जॅकेट चढवलेलं. इतकं झकास दिसत होतं!

---

निळाई

पिंपळपानांच्या 'शिवणारा चालतो, शेजारी चालत नाही' या मुद्द्याला माझी भर. प्रिन्स्टनमध्ये पदवीला कृष्णवर्णीय विद्यार्थी आले तेच मुळी दुसऱ्या महायुद्धात, नौदलाच्या प्रशिक्षण योजनेमुळे. पण हाच पोशाख सगळ्यात देखणा कोणी घातला म्हणाल तर जॅझवाल्यांनी. माइल्स डेव्हिस पन्नासच्या दशकात हार्वर्ड स्क्वेअरमधल्या अँडोव्हर शॉपमधून कपडे घ्यायचा. १९५८ च्या त्याच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तो हिरवा बटण-डाऊन शर्ट घालून बसलाय, नुसता बसलाय, आणि त्या शर्टापुढे अख्खं येल फिकं पडतं.

आणि १९६० नंतर दक्षिणेत उपाहारगृहांच्या गोऱ्यांच्या काउंटरवर निषेध म्हणून जाऊन बसणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी बघा. कोट, टाय, चकचकीत बूट. अंगावर सॉस ओतला जाणार, मार बसणार हे ठाऊक असताना इस्त्रीचे कपडे. तिथे तो पोशाख खोडी नव्हता. आम्हाला गुंड ठरवायचं तर या कपड्यांसकट ठरवा, असं आव्हान होतं. पुढे मिसिसिपीच्या खेड्यांत काम करताना याच चळवळीतल्या तरुणांनी शेतमजुरांसारखे डेनिमचे ओव्हरऑल घातले, कारण तिथे कोट-टायने लोक दुरावत होते.

२०२२ मध्ये राल्फ लॉरेनने अटलांटाच्या मोरहाउस आणि स्पेलमन या कृष्णवर्णीय कॉलेजांच्या जुन्या फोटोंवरून कपडे काढले. काहींनी कौतुक केलं, काहींनी म्हटलं धंदा. मला दोन्ही खरं वाटतं, पण ते जुने फोटो त्यानिमित्ताने लोकांसमोर आले हे चांगलं झालं.

---

ताम्हण

निळाई, जबरदस्त प्रतिसाद. माझ्या 'फाटकं मिरवण्या'च्या मुद्द्याची दुसरी बाजू आहे ही. ज्याला मारच खायचाय त्याला कॉलर कोरी लागते. आपल्याकडे बाबासाहेबांच्या सुटाबद्दल हेच बोललं जातं ना.

---

पिंपळपान

हो, तोच विचार मनात आला. बाबासाहेब तर कोलंबियाचे विद्यार्थी, १९१३ ते १९१६. आयव्ही हे नाव यायच्या कितीतरी आधी त्या आवारात वावरलेले. त्या कोट-टायला कोणी 'लुक' म्हणू शकेल का?

जुन्या दुकानांचं काय झालं तेही सांगून टाकते. २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या लाटेत, मे महिन्यात याच धाटणीचे कपडे विकणारी जे. क्रू आणि जुलैत ब्रूक्स ब्रदर्स, दोघांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. ब्रूक्सचा बटण-डाऊन शर्ट नॉर्थ कॅरोलिनातल्या गारलंड या छोट्या गावात शिवला जायचा, तो कारखाना बंद झाला. नाव विकत घेतलं गेलं, दुकानं चालू आहेत. म्हणजे इन्स्टावर पोरं त्या कपड्यांच्या प्रेमात पडायला आणि ते शिवणाऱ्या बायांच्या नोकऱ्या जायला एकच गाठ पडली.

---

चिंचोका

उशिरा आलो. सगळं वाचलं, दंडवत. आता माझा स्वार्थी प्रश्न. शिवणयंत्र, तो विड्यासारखा रोल असलेला शर्ट मला हवाय. ब्रँडेड परवडत नाही. आपल्या नेहमीच्या शिंप्याकडून होईल का?

---

शिवणयंत्र

आरामात होईल. ऑक्सफर्डच घ्या, पॉपलिन नको, त्याला वजन नसतं. आधी पाण्यातून काढून घ्या, नाहीतर कॉलर आटेल आणि रोल जाईल. कॉलरचं टोक साधारण साडेतीन इंच सांगा. आत बकरम, फ्यूजिंग काही नको, फक्त त्याच कापडाची घडी. कॉलरबँडमध्ये हलकं अस्तर चालेल. टोकाचं काज झाल्यावर शर्ट अंगावर घालून, कॉलर थोडी फुगवून, मगच बटणाची खूण करायला लावा. इथेच सगळे घाई करतात. इस्त्री करताना कॉलर दाबून सपाट करू नका, बटणं लावून वाळू द्या.

शिंपी म्हणेल, "साहेब, असली कॉलर उभी राहणार नाही, बोंब होईल." तुम्ही म्हणा, "होऊ दे." तो परत फोन करून विचारेल. परत "होऊ दे" म्हणा.